म्यूनिकला येताय? मुलगी कोणत्या इयत्तेत येतेय, ते आधी बघा

नमस्कार,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्यूनिकला नोकरी पक्की झालीय, जुलैअखेर निघायचंय, मुलगी नऊ वर्षांची आणि पुण्यात आताच चौथीत गेलीय, मुलगा साडेपाचचा. तुम्ही लिहिलंय, "तिकडे चौथीपर्यंत फारसा अभ्यास नसतो असं ऐकलंय, म्हणजे पाचवीपर्यंत ती आरामात रुळेल ना?" शिवाय इंटरनॅशनल शाळा घ्यावी का, आणि युरोपात सगळीकडे पद्धत सारखीच असते का, हेही विचारलंय.

मी सांगलीची. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही बव्हेरियात, म्हणजे म्यूनिक ज्या राज्यात आहे तिथेच, आउग्सबुर्गला आलो. तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती, मुलगा तीनचा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते: नाही. बव्हेरियात चौथी हे मुलांच्या शाळेतलं सगळ्यात अवघड वर्ष आहे, आणि तुमची मुलगी नेमकी त्याच वर्षात येऊन पडणार आहे.

इथे प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, पहिली ते चौथी. पाचवीपासून वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियुमची वाट तेरावीनंतर आबिटुअर या परीक्षेपर्यंत आणि तिथून विद्यापीठात जाते, रिआलशूले दहावीपर्यंत असते आणि मिटेलशूले नववी-दहावीपर्यंत. कोणी कुठे जायचं हे चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या एका प्रगतिपत्रकावर ठरतं. त्यात तीनच विषय धरतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, ज्याला शाळेत सगळे हाएसऊ म्हणतात. गुण १ ते ६, आणि १ सगळ्यात चांगला. तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत असेल तर रिआलशूले, त्यापुढे मिटेलशूले. सरासरी हुकलेल्या मुलांसाठी तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, जर्मन आणि गणिताचे.

आता हिशेब करा. शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते आणि हे प्रगतिपत्रक मेच्या सुरुवातीला मिळतं. तुमच्या मुलीच्या हातात जेमतेम साडेसात महिने आहेत, आणि हाएसऊचा पेपरसुद्धा जर्मनमध्येच असतो. पाणी जलवाहिनीतून घरापर्यंत कसं येतं, नगरपालिका काय करते, हे सगळं वाक्यांत लिहायचं असतं. उत्तर येत असतं, शब्द येत नसतो.

आमच्या मुलीला तरी दोन वर्षं मिळाली होती, कारण ती तिसरीत आली. चौथीत तिला गणितात १, हाएसऊमध्ये ३ आणि जर्मनमध्ये ४ मिळाले. बेरीज आठ, सरासरी २.६६. ती रिआलशूलेला गेली. हे आठवलं की मला अजून त्रास होतो, कारण एक नियम आम्हाला कोणीच सांगितला नाही. जी परभाषिक मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी शाळा त्यांना गिम्नाझियुमसाठी पात्र ठरवू शकते. अट एवढीच की गुण जर्मन कच्चं असल्यामुळे कमी पडलेले असावेत आणि ती कसर भरून निघण्यासारखी असावी. दोन पालकसभांना बसले, शिक्षिकेशी वेगळी भेट झाली, तरी हा विषय निघाला नाही. मला नियमाचा पत्ता लागला तोवर पोरगी सहावीत होती. चाचणी वर्गांचं तेव्हा माहीत होतं, पण ती इतकी दमली होती की तिला पुन्हा परीक्षेला बसवायचा धीर झाला नाही. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, हा नियम पहिल्याच भेटीत शाळेला विचारा, आणि विचारताना संकोच करू नका.

दुसरी गोष्ट, तिला एक इयत्ता मागे, तिसरीत घेता येईल का, ते मुख्याध्यापकांशी आधीच बोला. निर्णय त्यांचा असतो, पण पालकांनी कारण नीट मांडलं तर ऐकून घेतात. आपल्याकडे वर्ष वाया गेलं म्हणतात, तसं इथे कोणी म्हणत नाही. इथल्या वर्गात एकेका वर्षानं मोठी मुलं सर्रास असतात. मी तुमच्या जागी असते तर त्या एका वर्षासाठी हट्ट धरला असता.

मुलाची काळजी सोडा. साडेपाचचा म्हणजे त्याला किंडरगार्टनचं शेवटचं वर्ष मिळेल, आणि याहून चांगलं वय नाही. तिथे अक्षरं गिरवून घेत नाहीत, खेळ असतो, माती असते, पावसातही बाहेर नेतात. आमच्या मुलाचं जर्मन तिथेच तयार झालं. पहिलीच्या पहिल्या दिवशी त्याच्याएवढा उंच पुठ्ठ्याचा कोन हातात घेऊन तो शाळेत गेला. त्याला शूलट्यूट म्हणतात, आत खाऊ आणि पेन्सिली. आमच्या शाळेत तो घरीच बनवायची पद्धत होती. आम्ही दोघांनी रात्री जागून त्यावर मोर चिकटवला होता. फक्त किंडरगार्टनची जागा मिळणं कठीण असतं, त्यामुळे घराचा पत्ता ठरला की त्याच दिवशी अर्ज टाका.

शाळा निवडायचा प्रश्न जवळपास नसतोच. सरकारी ग्रुंडशूले पत्त्यावरून ठरते. फी नाही, डोनेशन नाही, पुस्तकं शाळेतून वर्षभर वापरायला मिळतात. म्यूनिकच्या इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते. कंपनी ती भरणार असेल आणि तुम्ही दोन-तीन वर्षांत परत जाणार असाल, तर खुशाल घ्या. राहायचंच असेल तर घेऊ नका. मुलं घराखालच्या मैदानात जर्मन बोलणाऱ्या पोरांत परकी राहतात, आणि नंतर जर्मन शाळेत यायचं म्हटलं की तीच भिंत आणखी उंच झालेली असते.

"अभ्यास नसतो" हे तुम्ही ऐकलंत ते कशावरून, ते मला कळतं. शाळा साडेअकरा ते एकच्या दरम्यान सुटते, दप्तरात वह्या कमी असतात, तीस पर्यंतचे पाढे कोणी घोकून घेत नाही. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये सिंगापूरच्या मुलांना गणितात ५७५ गुण मिळाले आणि जर्मनीच्या मुलांना ४७५, म्हणजे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाच्या सरासरीच्या, ४७२ च्या, जरासे वर. सिंगापूरसारखी मेहनत इथे करून घेत नाहीत हे खरंच आहे. पण तयारी दुसऱ्याच गोष्टींची करून घेतात, आणि त्या आपल्या मुलांना येत नसतात.

सायकलचं बघा. चौथीत सगळ्यांची सायकल परीक्षा होते, तीही पोलिसांकडून. आमच्या मुलीनं सांगलीत सायकल धरलीही नव्हती. तीन महिने रोज संध्याकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिला शिकवलं. परीक्षेच्या दिवशी मी कुंपणापलीकडे उभी होते. डावीकडे वळायचं म्हणजे आधी खांद्यावरून मागे बघायचं, मग डावा हात सरळ बाहेर काढायचा, मधल्या रेषेपाशी यायचं, समोरून येणाऱ्याला जाऊ द्यायचं, परत एकदा मागे बघायचं आणि मग वळायचं. एका हातानं सायकल धरली की तिचं हँडल थरथरायचं. पोलीसमामांनी तिला तिसऱ्यांदा फेरी मारायला लावली आणि त्या वेळी ती न डगमगता वळली. पोहण्याचंही तसंच. पहिला बिल्ला सीहॉर्सचा असतो. उडी मारून पंचवीस मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची वस्तू हातानं वर काढायची. मे-जूनमध्ये पुण्यात तलाव मिळत असेल तर दोन्ही मुलांना आत्ताच घाला.

शाळेत एकट्यानं चालत जाणं हेही शिक्षणातच धरतात. शाळेच्या दारापर्यंत गाडी नेणाऱ्या पालकांना इथे शिक्षिका समजावून सांगतात की असं करू नका. सुरुवातीला मी दोन चौक मागे राहून लपत जायचे. महिन्याभरात मुलीनंच सांगितलं, आई, येऊ नकोस.

पण सगळ्यात जड गेलं ते हात वर करणं. वर्गात बोलण्याला इथे गुण असतात. आमची मुलगी विचारल्याशिवाय बोलायचं नाही या शिस्तीत वाढलेली. शिक्षिका मला म्हणाल्या, "ती लिहिते छान, पण वर्गात ती आहे की नाही हेच मला कळत नाही." मला रडू आलं, कारण ज्या वागण्याला तिकडे शाबासकी मिळायची, त्यानं इथे तिचे गुण जात होते. मग घरी जेवताना आम्ही एक सवय लावली, रोज प्रत्येकानं एका गोष्टीवर आपलं मत सांगायचं आणि का ते सांगायचं. आधी मराठीतच. भाषेच्या आधी धीर यावा लागतो.

मराठीचा आधार मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळाला. जर्मनमध्ये आकडे आपल्यासारखेच उलटे बोलतात, एकवीस म्हणजे आधी एक, मग वीस. इंग्रजीवर वाढलेल्या मुलांची तिथे तारांबळ उडते. ज्याला एकवीस, बावीस, तेवीस तोंडपाठ आहे त्याला सोपं जातं. तो, ती, ते आहेतच, फक्त टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी हे पाठ करावं लागतं. लिहिताना एक गोष्ट सांभाळा. इथले लोक एकच्या आकड्याला वरून लांब तिरकी रेघ देतात आणि सातला मध्ये आडवी काट मारतात. पहिले कित्येक दिवस फळ्यावरचा एक आमच्या मुलीला सात वाटायचा, आणि गणितं चुकली म्हणून ती घरी येऊन रडायची.

युरोपात सगळीकडे सारखंच असतं का? अजिबात नाही. फिनलंडमध्ये सोळाव्या वर्षापर्यंत सगळी मुलं एकाच प्रकारच्या शाळेत असतात. नेदरलँड्समध्ये वाटा फुटतात, पण बाराव्या वर्षाच्या सुमारास. जर्मनीतसुद्धा दर राज्याचं वेगळं. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. नॉर्थ राइन-वेस्टफालियात शाळा शिफारस करते पण शेवटचा शब्द पालकांचा. कंपनीची बर्लिनमध्ये शाखा असेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर तुमच्या मुलीच्या वयाला मी बर्लिन म्हणेन. दहा वर्षांच्या, भाषा शिकत असलेल्या मुलाची वाट तीन आकड्यांवर ठरवणं मला अन्यायाचंच वाटतं. २००१ च्या डिसेंबरमध्ये पहिल्या पिसा चाचणीचे निकाल आले तेव्हा मूल कुठल्या घरातलं आहे यावर इथे त्याचे गुण किती अवलंबून असतात ते दिसलं आणि सगळा देश हादरला होता. तरी बव्हेरियात ही पद्धत आहे तशीच आहे.

तरीही दार कायमचं बंद होत नाही, हे मी अनुभवानं सांगते. आमच्या मुलीनं रिआलशूलेची दहावी केली, मग फाखओबरशूलेत, म्हणजे दहावीनंतरच्या व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळेत गेली. तिथे अकरावीचं अर्धं वर्ष प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकायचं असतं. ती एका कारखान्यात लेथसमोर उभी राहिली, आणि तिथेच तिला यंत्रांची गोडी लागली. बारावी, तेरावी करून गेल्या वर्षी ती अभियांत्रिकीला लागली. तिच्या वर्गातल्या तिघी दहावीनंतर आउसबिल्डुंगला गेल्या, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा आणि बाकी दिवस कंपनीत पगारी शिकणं. एक आज चष्म्याच्या दुकानात ऑप्टिशियन आहे. तिच्या आईवडिलांना त्याबद्दल कोणी कमी लेखत नाही. आपल्या लोकांत आयटीआय म्हटलं की जी नजर मिळते ती इथे सहसा मिळत नाही. हे मला या देशाकडून शिकण्यासारखं वाटतं.

आणि एक. मुलगा आता नववीत आहे, गिम्नाझियुमला. या वर्षी त्यांना दाखाऊला नेलं, १९३३ साली नाझींनी उभारलेल्या छळछावणीत. घरी आला, जेवला नाही, मग रात्री विचारलं, "शेजारच्या गावातल्या लोकांना माहीत होतं का गं?" आपल्याच देशाचा असा इतिहास मुलांना हात धरून दाखवणं, हेसुद्धा इथल्या शाळेतच होतं.

निघण्यापूर्वीची कामं थोडी आहेत. दोघांची लसीकरणाची पुस्तकं आणा. २०२० पासून गोवराच्या दोन डोसांचा पुरावा शाळेला आणि किंडरगार्टनला द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतरासह आणा. मुलीचं जर्मन आजपासून सुरू करा, रोज अर्धा तास, पुण्यात शिकवणाऱ्यांची वाण नाही. शाळेच्या दिवसांत लग्नकार्यासाठी रजा मिळेल हे गृहीत धरू नका. सुट्टीच्या आधी मुलांना घेऊन निघालेल्या पालकांना बव्हेरियातल्या विमानतळांवर पोलिसांनी हटकलं आहे. मात्र इथली उन्हाळी सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे बऱ्याच वर्षी गणपतीला घरी जाता येतं.

पत्ता ठरला की मला कळवा. शाळेला पाठवायचं पत्र, तिसरीत घेण्याची विनंती आणि ३.३३ च्या नियमाचा उल्लेख असलेलं, मी जर्मनमध्ये लिहून देते.