पोलीस ठाण्यात महिनाभराची इंटर्नशिप मिळालीय, नुसतं बसून वाया जाऊ नये म्हणून काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बीए दुसऱ्या वर्षाला आहेस, माय भारत पोर्टलवरून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात महिनाभराची इंटर्नशिप लागलीय, पुढं पीएसआयची तयारी करायचीय, आणि आधी जाऊन आलेल्या मुली म्हणतायत की काही शिकवत नाहीत, नुसतं बाकड्यावर बसवतात. वयानं लहान असशील म्हणून सरळ अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, २०२२ च्या मे-जूनमध्ये, कॉलेजच्या पत्रावर असाच महिना काढलाय, ठाण्याचं नाव सांगत नाही. आता तालुका कोर्टात सिनियरकडं ज्युनियर म्हणून काम करते. म्हणजे तेव्हा जे कागद तयार होताना बघितले तेच आता कोर्टात दुसऱ्या टोकाला बघते, आणि तिथं त्यातल्या एकेका शब्दावरून तासभर भांडण चालतं. त्यामुळं माझं उत्तर थोडं एकांगी असणार हे आधीच सांगते.

बसवून ठेवतात हे खरंय. पहिले चार दिवस मी चहा पीत आणि झेरॉक्स आणत काढले. कुणी वाईट नव्हतं गं, वेळच नसतो कुणाला. बारा बारा तास ड्युटी, त्यात जत्रेचा बंदोबस्त, त्यात कोर्टाचे समन्स बजवायचे, त्यात आपण वही घेऊन समोर उभं राहून म्हणायचं सर मला तपास शिकवा, कोण शिकवणार? सगळ्या इंटर्नना जीपमध्ये बसून रेडला जायचं असतं. मलाही तेच हवं होतं. ते डोक्यातून काढ. पोलीस ठाण्याचं खरं काम लिहिण्याचं आहे आणि ते ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ड्युटीवर बसून तक्रारी नोंदवून घेणाऱ्या हवालदाराच्या, टेबलावर चालतं, तिथं स्टूल ओढून बसायला मिळालं की निम्मी इंटर्नशिप झाली असं समज.

मला ते स्टूल कसं मिळालं सांगते. बाहेर बाकड्यावर एक आजोबा तक्रारी अर्ज घेऊन तीनदा आत-बाहेर करत होते, कारण अर्जात भावकीचा १५ वर्षांचा इतिहास होता आणि नेमकं काय झालं, कधी झालं, तेच नव्हतं. मी त्यांना म्हटलं द्या मी लिहून देते. तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय, बघणारं कोण होतं, एवढंच एका पानात लिहिलं. हवालदार साहेबांनी तो अर्ज वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेर अर्जवाला आला की "त्या कॉलेजच्या मॅडमकडं जा" सुरू झालं. मग आठवड्यानं टेबलाशेजारी जागा मिळाली. त्या बाकड्यावर मी पंचवीसेक अर्ज लिहिले असतील आणि माणूस गडबडलेला असताना त्याच्याकडून सरळ गोष्ट कशी काढून घ्यायची हे तिथंच शिकले, वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आता टेबलाशेजारी बसून काय बघायचं. लोक जे बोलतात आणि कागदावर जे उतरतं त्यात काय फरक पडतो ते बघ. बाई येऊन म्हणते "माझी गाडी नेली हो कुणीतरी". फिर्यादीत उतरतं "अज्ञात इसमाने फिर्यादी यांच्या संमतीवाचून लबाडीच्या इराद्याने स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता चोरून नेली". आपण हसतो या भाषेला, इसम काय, मजकूर काय, सदर आणि नमूद काय. पण ते वाक्य कायद्यातल्या चोरीच्या व्याख्येशी लावून बघ एकदा. संमती नसणं, लबाडीचा हेतू, वस्तू हलवणं, व्याख्येतला एकेक तुकडा त्या वाक्यात आहे. हे कळलं तेव्हा मला खरंच भारी वाटलं होतं, कारण कॉलेजात जुन्या दंड संहितेतलं चोरीचं कलम ३७८ पाठ केलेलं पण ते कुठं राहतं ते माहीत नव्हतं. आता नवीन कायद्यात ते ३०३ आहे.

त्यावरून आठवलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत, आणि बरेच जुने लोक बोलताना खुनाला ३०२, फसवणुकीला ४२० म्हणतात आणि लिहिताना १०३, ३१८ लिहितात. तू जायच्या आधी एका पानावर जुने-नवे आकडे लिहून ने. मारामारी-शिवीगाळ-धमकीचं जे ३२३, ५०४, ५०६ होतं ते आता ११५(२), ३५२, ३५१ झालंय आणि रोज सगळ्यात जास्त तेच येतं. चेन ओढून नेणं आधी चोरीत नाहीतर जबरी चोरीत बसवावं लागायचं, आता ३०४ हे वेगळं कलमच आहे. पंचवीस-तीस आकडे पाठ असले तरी टेबलावरचं बोलणं कळायला लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, अदखलपात्र म्हणजे एनसीत कोर्टाच्या आदेशाशिवाय नाही, हे पुस्तकात दोन ओळीत असतं, ठाण्यात ते माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं. मार खाऊन आलेल्या माणसाला एनसीचा कागद हातात देऊन कोर्टात जा म्हणतात तेव्हा त्याला वाटतं आपल्याला हाकललं. कधी कधी हाकललेलंही असतं, खोटं कशाला बोलू. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलंय, नव्या संहितेत कलम १७३ आहे, हद्द कुणाचीही असो नोंद घ्यायची, फिर्यादीला प्रत फुकट द्यायची. हे वाचून जा, पण तिथं कुणाला ऐकवायला जाऊ नकोस. मी तिसऱ्याच दिवशी ऐकवलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर "साहेब, हे एनसीत का घेतलं, गुन्ह्यात का नाही" असं विचारलं की तेच हवालदार अर्धा तास समजावून सांगतात. मोबाईलचंही तसंच बघ, गहाळ आणि चोरी यातला फरक, कारण बऱ्याच लोकांना चोरी झालेली असताना गहाळचा दाखला देऊन पाठवतात आणि लोकही सिमकार्ड मिळालं की खूश होऊन जातात.

मुद्देमालाची, म्हणजे जप्त केलेल्या वस्तूंची, खोली एकदा तरी बघायला माग. मुद्देमाल कारकून बहुतेक चिडका असतो, त्याच्यावर जबाबदारीच तेवढी असते, पण त्याला एकदा खुलवलं की सोनं आहे. धूळ, गंजलेल्या मोटरसायकली, दारूचे कॅन, कुऱ्हाडी, प्रत्येकाला लेबल, त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर, पंचांच्या, म्हणजे जप्तीला साक्षीदार म्हणून उभ्या केलेल्या बाहेरच्या माणसांच्या, सह्या, लाखेचं सील. तपासणीला सीएकडं, म्हणजे रासायनिक विश्लेषकाकडं, काय कधी पाठवलं, कुणी नेलं, सील शाबूत होतं का, हे सगळं नोंदलेलं असतं आणि इथली एक तारीख चुकली की कोर्टात आमच्यासारख्यांना आयता मुद्दा मिळतो. गेल्या वर्षी एका केसमध्ये सिनियरांनी नुसत्या जप्तीच्या आणि सीएकडं पाठवल्याच्या तारखांवर उलटतपास घेतला, आणि मला त्या खोलीतला ट्यूबलाइट आठवत होता जो लागायचाच नाही.

ठाण्याची कोर्टातली कामं बघणाऱ्या पैरवीवाल्या पोलिसांबरोबर दोन-तीनदा जा. आरोपीला २४ तासांच्या आत हजर करायचं म्हणजे काय धावपळ असते, पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागताना कारणं काय लिहितात, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली की काय, हे डोळ्यांनी बघ. पीएसआय व्हायचं असेल तर हा दिवस चुकवू नकोस. सायबरच्या तक्रारीही बघ, पैसे गेले की आधी १९३० ला फोन, कारण पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत थांबवायचे असतात. लोक तीन दिवसांनी येतात, लाजेनं.

एक अवघड भाग आहे. अकस्मात मृत्यूचा पंचनामा. मला विहिरीवर नेलं होतं, माझ्याच वयाची मुलगी होती. मी जायला नको होतं असं नाही म्हणणार, पण रात्री जेवण गेलं नाही आणि पुढचे काही दिवस आईशीसुद्धा नीट बोलले नाही. तुला विचारलं तर नाही म्हणायची मुभा आहे, त्यात भित्री वगैरे काही नसतं. तिथल्या महिला अंमलदार मॅडमनी मला बाजूला उभं केलं आणि फक्त वेळ लिहायला लावली, किती वाजता पोचलो, किती वाजता बाहेर काढलं. हाताला काम होतं म्हणून मी उभी राहू शकले.

आणि हेही होईल, कुणावर तरी हात उचललेला तुला दिसेल. मला दिसला, मी वहीत खाली बघत बसले, ते अजून सलतंय. तुला हिरोगिरी करायला सांगत नाही, मोबाईल तर काढूच नकोस. पण घरी येऊन तारीख-वेळ लिहून ठेव आणि कॉलेजच्या ज्या सरांनी किंवा मॅडमनी पाठवलंय त्यांना त्याच दिवशी सांग. अटकेत माणसाला कसं वागवायचं याचे नियम डी. के. बसू खटल्यात १९९६ पासून आहेत, पाटीवर लावलेलेही असतात बऱ्याच ठिकाणी.

बारीकसारीक एकदम सांगते. बाथरूम कुठंय ते पहिल्याच दिवशी महिला अंमलदारांना विचार, मी लाजले आणि पाणी न पिता दिवस काढले, उन्हाळ्यात, येडेपणा. सगळ्यांना साहेब-मॅडम म्हण, शिपायालाही. खाकी रंगाचं काही घालू नकोस. कुणाच्या लॉगिनवर सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदवायच्या संगणक प्रणालीत, टायपिंग करून दे म्हटलं तर गोड बोलून टाळ, नोंद त्यांच्या नावावर होते आणि चूक तुझी असते. वहीत नावं, गावं, फोन नंबर लिहू नकोस, नुसता प्रकार, कलम, पुढं काय झालं एवढंच. जीपजवळचा सेल्फी स्टेटसला ठेवलास तर मागं कोण उभं आहे ते तुला माहीत नसतं, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा लहान मुलाची ओळख तुझ्या तोंडून फुटली तर तो स्वतःच गुन्हा आहे. सर्टिफिकेटवर सही कोण करणार ते दुसऱ्या आठवड्यातच विचारून ठेव, कारण शेवटच्या दिवशी मोठे साहेब हमखास बंदोबस्ताला असतात.

राहता राहिलं पंचाचं. जप्ती करायला पंच मिळत नाहीत, लोक नाव ऐकून पळतात, मग टेबलाशेजारी बसलेली शिकलेली पोरगी दिसते आणि कुणीतरी म्हणतं "मॅडम, तुम्हीच सही करा की, काय होतंय". माझ्याबरोबर इंटर्न असलेल्या मैत्रिणीनं केली, एका चोरीच्या मोबाईलच्या जप्तीवर, चांगुलपणानं. तिचं लग्न होऊन ती लांब गेली, आणि यंदा मार्चमध्ये तिला समन्स आलं. कडेवर आठ महिन्यांचं बाळ घेऊन ती आमच्या कोर्टात दोन तारखा बसली, पहिल्या तारखेला नंबरच आला नाही. दुसऱ्या तारखेला आरोपीच्या वकिलांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही त्या काळात त्याच पोलीस ठाण्यात काम शिकत होता, हे खरं आहे का?" ती हो म्हणाली. वकील म्हणाले, मग तुम्ही स्वतंत्र पंच कशा? तिनं माझ्याकडं बघितलं, मी मागच्या बाकावर तिचं बाळ धरून बसले होते.