साडेसहाचा चहा आणि दीडचा राग

प्रश्न : मुलगा 10 वर्षांचा, पाचवीत आहे. सकाळी सहाला उठतो, चहात दोन बिस्किटं बुडवून खातो आणि शाळेत जातो. दीडला घरी आला की दप्तर फेकतो, धाकट्या बहिणीवर ओरडतो, बारीकसारीक गोष्टीवरून रडतो. रात्री दहाला जेवण, झोपेपर्यंत साडेअकरा. मेंदूसाठी एखादं टॉनिक सुचवाल का?
— एक आई, फोंडा (गोवा)

उत्तर : ताई, टॉनिक राहू द्या, आधी घड्याळ बघू. साडेअकरा ते सहा म्हणजे साडेसहा तास झोप. या वयाला 9 ते 12 तास लागतात. वर पोटात नुसता चहा. अशाने मोठा माणूससुद्धा भांडेल.

सकाळी त्याला भूक नसते, कारण जेवण दहाला होतं. म्हणून सुरुवात रात्रीपासून. जेवण आठच्या आत आणा. झोप मात्र एकदम नऊवर नेऊ नका. मूल नुसतं तळमळत पडतं. दर 3 दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे घ्या, महिन्याभरात नऊवर याल. रविवारी उठायला सातच्या पुढे गेलात तर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद, बाबांचाही.

सकाळी आंबील द्या. नाचणीचं पीठ 2 मोठे चमचे, अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा. कोरडं पीठ गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होणारच. ते वाटीभर उकळत्या पाण्यात ओतून 5-6 मिनिटं ढवळत शिजवा. गूळ आणि दूध खाली उतरवून, कोमट झाल्यावर घाला. उकळत्यात दूध फाटतं. पहिले काही दिवस अर्धी वाटीच घेईल, चालेल. डब्यात पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) आणि उकडलेलं अंडं द्या.

चहा बंदच करा. त्यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि लोह कमी पडलं की मुलं चिडचिडी होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. तांबड्या भाजीवर (लाल माठावर) लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. आठवड्यातून दोनदा तारले किंवा बांगडा ही मासळी, जमेल तेव्हा तिसऱ्या (शिंपले). शिवराक म्हणजे शाकाहारी वारी अळसांद्याचं (चवळीचं) तोंडाक, म्हणजे रस्सा, किंवा मुगागाठी (मोडाच्या मुगाची आमटी). हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, 11.5 च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच लोहाचं औषध द्या. मनाने नको, ते जास्त झालं तर मुलांना विषारी ठरतं.

दीडला दार उघडल्यावर "पेपर कसा गेला?" हे विचारूच नका. पाणी, हातपाय धुणं, ताट, बस्स. बोलणं जेवणानंतर, तेव्हा तो आपणहून सांगेल. संध्याकाळी तासभर मैदान, पावसात बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) दोरीच्या उड्या.

खाण्याझोपेने सगळं सुटतं असं मात्र समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास राहिला, खेळणं सोडलं, शाळेला जायलाच नको म्हणाला, वजन उतरू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मरण्याची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा केली तर त्याच दिवशी. त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, फुकट चालू असतो. बांबोळीला मानसोपचार संस्थाही आहे.