त्रास काहीच नाही, मग टेस्ट कशाला?

प्रश्न: माझं वय 68. शुगर नाही, बीपी नाही (म्हणजे दोन वर्षांत मोजलेलंच नाही), रोज तासभर चालतो. सिगरेट 25 वर्षं ओढली, दिवसाला दहा, 48 व्या वर्षी सोडली. आता मुलगा मागे लागलाय फुल बॉडी चेकअप करा म्हणून, एकदा रक्त दिलं की ऐंशी टेस्ट होतात म्हणे. माझ्या एका मित्राचं असंच पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचं रक्तातलं प्रथिन, कॅन्सरच्या शंकेसाठी मोजतात ते) वाढलेलं निघालं, बायोप्सी झाली, महिनाभर घरात कुणाला झोप नाही आणि शेवटी काही निघालंच नाही. मला त्या भानगडीत पडायचं नाही. चुकतंय का माझं?

उत्तर: काका, अर्धं चुकतंय. ऐंशी टेस्टचा नाद सोडा, तिथे मी तुमच्याच बाजूने. पीएसए प्रोस्टेट नुसती वाढली तरी वाढतं, लघवीच्या इन्फेक्शननेही वाढतं, आणि कॅन्सर सापडला तरी तो बऱ्याचदा इतका संथ असतो की माणसाला आयुष्यभर त्याचा त्रास होत नाही. म्हणून अमेरिकेतली तज्ज्ञ समिती 2018 पासून सांगते की 55 ते 69 मध्ये डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा आणि सत्तरीनंतर सरसकट करू नका. पण वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, मग हिशोब बदलतो. आणि लघवीतून रक्त जात असेल तर ते स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना केलेली तपासणी, राहत नाही, सरळ तपासायचंच.

आता जी टेस्ट तुमच्या मुलाच्या यादीत बहुतेक नसेलच ती सांगतो, पोटाची सोनोग्राफी. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, एओर्टा, सिगरेट ओढलेल्या पुरुषांमध्ये कधीकधी हळूहळू फुगते, दुखत नाही, खुपत नाही, आणि फुटली तर बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतही नाहीत. 65 ते 75 मध्ये एकदा बघायची, सिगरेट सोडून वीस वर्षं झाली असली तरी. रुंदी 3 सेंटीमीटरच्या आत असली की विषय संपला, जास्त असली तर ठरावीक काळाने परत मोजतात, ऑपरेशनचा विचार साधारण 5.5 ला. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठीचा छातीचा सीटी स्कॅन मात्र तुम्हाला नको, तो जास्त ओढणाऱ्यांसाठी आणि सोडून पंधरा वर्षं न झालेल्यांसाठी.

बाकी शुगर, कोलेस्टेरॉल, आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी दरवर्षी शौचाची टेस्ट, कोलोनोस्कोपी (आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी) आधीच नॉर्मल आली असेल तर दहा वर्षं निवांत.

आणि बीपी! "बीपी नाही" असं न मोजता कसं म्हणता हो? पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीला, गप्पा बंद, मग पट्टा बांधा. हे याच आठवड्यात, सोनोग्राफीच्याही आधी.