वाचकांचे प्रश्न : शिक्षा संपल्यानंतरचे काम

प्रश्न : इचलकरंजीत आमचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. पूर्वी आमच्याकडे जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) असलेला एकजण मारामारीच्या गुन्ह्यात कळंबा कारागृहात शिक्षा भोगून आला असून पुन्हा काम मागतो आहे. बाकीचे कामगार म्हणतात, ‘असल्या माणसाला बाहेर सोडलेच कशाला?’ मी काय करावे?

उत्तर : न्यायालयाने दिलेली शिक्षा त्याने भोगली आहे, तिच्यात आपण भर घालण्याचे कारण नाही. अशा माणसाला खासगी कारखान्यात ठेवायला कायद्याची सरसकट बंदीही नाही. तेव्हा पाहायचे ते इतकेच, की जॉबर म्हणून तो कसा होता आणि ज्याला त्याने मारहाण केली तो किंवा त्याच्या घरचे कोणी तुमच्याकडे कामाला आहे का. तसे असेल, तर ओळखीच्या दुसऱ्या कारखान्यात शब्द टाकून त्याला तिथे लावून देणे सर्वांच्याच हिताचे. नसेल, तर अवश्य ठेवावे; मात्र ‘याला दुसरे कोण घेणार’ या हिशेबाने मजुरी कमी देऊ नये. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवडा कारागृहापासून सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत शिक्षा भोगत असलेल्या बंद्यालाही ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. आत असताना ज्याला बँक पतपात्र मानते, त्याला सुटल्यावर माग दुरुस्तीचे कामही मिळू नये, हे विचित्रच नव्हे काय?

कामगारांच्या प्रश्नामागे तुरुंगात सगळे गुन्हेगारच असतात, अशी समजूत दिसते. प्रत्यक्षात २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांच्यावरील गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे कच्चे कैदी होते. सर्व कारागृहांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६. शिक्षा झालेला प्रत्येक कैदी त्या दिवशी घरी पाठवला असता, तरीही देशातील तुरुंग जवळजवळ भरलेलेच राहिले असते!

वेगळी वाट आपल्याला अपरिचित नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली, जिथे गंभीर गुन्ह्यांतील कैदीही कुटुंबासह राहून शेती करू लागले. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय योग्य प्रकरणात दोषी व्यक्तीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवेची शिक्षाही आली असून, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी आणि माल परत, अशा प्रकरणात ती देता येते. अशा गुन्ह्यांची यादी आमच्या मते फारच तोकडी आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदार मिळत नसल्याने तो तीन आठवडे आतच आहे. आमची ऐपत नाही. – एक भगिनी, माण तालुका

उत्तर : ताई, १९७८ मध्ये एका गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागून, वर त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीन नाकारण्यात आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाला खडसावले होते. जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. तसे झाले का, हे साताऱ्याच्या प्राधिकरणात जाऊन विचारावे. कोठडीतील व्यक्तीला तिथून मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नसते. त्या वकिलामार्फत अट शिथिल करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याचा अर्ज करावा. गरीब बंद्यांसाठीच्या केंद्रीय योजनेतून न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकते. तिची चौकशी त्याच भेटीत करावी. जाणे जमत नसेल, तर १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा.