गोल्फच्या सामन्यात प्रतिस्पर्धी मुद्दाम डिवचत असेल तर डोकं शांत कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा पट (होलाजवळून बॉल हळूच घालण्याचा फटका) असला की समोरचा बॅगेची चेन ओढतो, रेंगाळतो, मधेच "आज स्विंग घाईत होतोय का?" असं विचारतो, आणि पुढचे दोन होल तुमच्या हातून जातात. मी बरीच वर्षं मॅच प्ले, म्हणजे एकेक होल जिंकत जायचा सामना, खेळतोय. "दुर्लक्ष करा" हा सल्ला मला कधीच पटला नाही. दुर्लक्ष करायचं ठरवलं की कान नेमके तिकडेच लागतात.

त्यापेक्षा कशावर बोलायचं ते सामन्याआधीच ठरवा. आवाज, हालचाल, पटच्या रेषेत उभं राहणं, यावर पहिल्याच वेळी, साध्या आवाजात बोला: "माझा पट होईपर्यंत जरा बाजूला थांबता का?" बोलून टाकलं की ते मनात साचत नाही. मग बॉलपासून मागे या आणि तयारी पहिल्यापासून करा. नियमांत एका फटक्यासाठी 40 सेकंदांची शिफारस आहे, तेवढा वेळ भरपूर आहे. चिडून, अर्धवट तयारीत मारलेला फटका हीच समोरच्याची कमाई. स्विंगवरच्या शेऱ्याला "असेल" म्हणा आणि चालू लागा.

खरा घात होतो तो गिमीत, म्हणजे छोटा पट न मारताच गेला असं समोरच्याने मान्य करण्यात. दिवसभर दोन फुटांचे पट "उचला, उचला" म्हणत सोडायचे आणि सोळाव्या होलवर तेवढ्याच पटला गप्प उभं राहायचं. यात नियमभंग काहीच नाही, पण तोवर तुमच्या हाताने एकही छोटा पट घातलेला नसतो. म्हणून प्रत्येक पट खेळावाच लागणार असं धरून चला, रेषा बघा. त्याने दिला तरी, खेळ खोळंबत नसेल तर, बॉल होलात घाला, त्याला दंड नाही. जोडीच्या सामन्यात मात्र हे टाळा. त्यातून जोडीदाराला मदत झाली तर त्याच्या अंगाशी येतं.

आणि "दिला" हे शब्द ऐकल्याशिवाय बॉलला हात लावू नका. 2015 च्या सोल्हाइम कपमध्ये (युरोप आणि अमेरिकेच्या महिला संघांची स्पर्धा) अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीने 17 व्या होलवर पट मिळाला असं समजून बॉल उचलला. समोरच्या सुझान पेटरसन आणि चार्ली हल यांनी तो दिला नव्हता, आणि होल गेला. पेटरसनने नंतर जाहीर माफी मागितली, पण होल परत मिळत नाही. शंका असेल तर सरळ विचारा, त्यात कमीपणा कसला?

एक मात्र मनापासून सांगतो: प्रत्येक खुडबुडीमागे डाव नसतो. कितीतरी जण दडपणाखाली बडबडतात. मी आधी तसंच धरतो, त्यामुळे राग डोक्यात घेऊन चालावं लागत नाही.

खरोखर नियम मोडला असं वाटलं, समजा तुम्ही कोणता क्लब (काठी) घेतलाय हेच त्याने विचारलं, तर तिथल्या तिथे सांगा. पुढच्या टीवरून (होल सुरू करण्याच्या जागेवरून) कुणीही फटका मारला की दाद मागायची मुदत साधारणपणे संपते.