कॉलेजात तीन-तीन खेळ गाजवणाऱ्या खेळाडूचं पदवीनंतर काय होतं?

बहुतेकांचा खेळ सुटतो. पण बायरन व्हाइट बघा. कोलोरॅडो विद्यापीठात फुटबॉल (अमेरिकन, आपला नव्हे), बास्केटबॉल आणि बेसबॉल, तिन्ही खेळले. १९३८ साली पदवी, तीही पहिल्या क्रमांकाने. पिट्सबर्गच्या व्यावसायिक फुटबॉल संघाने १५,८०० डॉलर मोजले. त्या हंगामात चेंडू घेऊन धावण्यात लीगमध्ये अव्वल हेच. मग ऑक्सफर्ड, येलमध्ये कायदा, मधेच डेट्रॉइटकडून दोन हंगाम, युद्धात नौदल. आणि १९६२ ते १९९३ चक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश! त्या इमारतीत वरच्या मजल्यावर बास्केटबॉलचं कोर्ट आहे. तिथे ते हाताखालच्या तरुण लॉ क्लार्कांशी (न्यायाधीशांचे कायदा-सहायक) खेळायचे, आणि खेळ अगदी धसमुसळा. ‘व्हिझर’ हे कॉलेजातलं टोपणनाव मात्र त्यांना बिलकुल खपायचं नाही.