अमेरिकेत अमली पदार्थांच्या गुन्ह्यात लहान मूल असलेल्या आईची शिक्षा न्यायाधीशाला कमी का करता येत नाही?

आपण विचारले आहे की, आरोपी स्त्री पंचविशीच्या आतबाहेरची आहे, गुन्हा पहिलाच आहे आणि घरी तान्हे मूल आहे, हे सारे समोर दिसत असताना अमेरिकेतला न्यायाधीश तिला दहा वर्षे कशी सुनावतो. मी फौजदारी कायदा शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो. त्याचे उत्तर असे की, त्या कायद्याने न्यायाधीशाच्या हाती तराजू दिला आणि त्या तराजूत फक्त मालाचे वजन होते.

हा तराजू 1986 सालचा आहे. त्या वर्षी जून महिन्यात लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू, बोस्टनच्या व्यावसायिक संघात निवड झाल्यावर दोनच दिवसांनी, कोकेनच्या सेवनाने मरण पावला. देशभर हलकल्लोळ झाला, निवडणुका तोंडावर होत्या आणि ऑक्टोबरअखेर नवा कायदा स्वाक्षरी होऊन तयारही झाला. विक्रीसाठी बाळगलेले क्रॅक 5 ग्रॅम भरले की किमान पाच वर्षे आणि 50 ग्रॅम भरले की किमान दहा वर्षे, अशी त्यात तरतूद होती. क्रॅक म्हणजे खाण्याच्या सोड्याबरोबर शिजवलेले कोकेनच. पण पावडर कोकेनसाठी त्याच शिक्षांची मर्यादा 500 ग्रॅम आणि 5 किलो होती. हे शंभरास एक प्रमाण कोणत्या शास्त्रीय आधारावर ठरवले, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेले नाही. 2010 साली मर्यादा 28 आणि 280 ग्रॅमवर नेऊन ते प्रमाण अठरास एक करण्यात आले. वजनाचा नियम मात्र तसाच राहिला.

स्त्रियांच्या दृष्टीने खरी मेख 1988 च्या दुरुस्तीत आहे. तिने ‘कटात सामील असणे’ यालाही प्रत्यक्ष विक्रीइतकीच किमान शिक्षा लागू केली. त्यामुळे फोनवर आलेला निरोप पोहोचवणारी, स्वतःच्या नावावर घर भाड्याने घेणारी किंवा नवऱ्याचे पैसे बँकेत भरणारी स्त्री, टोळीने त्या काळात विकलेल्या आणि तिला अंदाज येण्याजोग्या मालाच्या वजनाला जबाबदार धरली जाऊ लागली. अमेरिकन वकिलांच्या बोलीत याला ‘गर्लफ्रेंड प्रॉब्लेम’ असे काहीसे उथळ नाव पडले आहे.

केंबा स्मिथ यांचा खटला याचा सर्वांत परिचित नमुना आहे. व्हर्जिनियातल्या सुस्थित घरातली ही मुलगी हॅम्प्टन विद्यापीठात शिकत असताना पीटर हॉल नावाच्या इसमाच्या प्रेमात पडली. तो क्रॅकचा धंदा करणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता आणि तिला मारहाणही करीत असे. तिने स्वतः माल विकल्याचा सरकारपक्षाचाही दावा नव्हता. कटात सहभाग, काळ्या पैशाचा व्यवहार आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलणे हे गुन्हे तिने कबूल केले आणि टोळीच्या 255 किलो मालाचा भार तिच्या माथी आला. डिसेंबर 1994 मध्ये कैदेत असतानाच तिला मुलगा झाला. एप्रिल 1995 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला साडेचोवीस वर्षांची शिक्षा झाली. तिला लावलेले शिक्षेचे तक्ते, म्हणजे गुन्ह्यानुसार शिक्षेची मुदत ठरवणारे नियम, किमान शिक्षेच्या याच वजनांवर बेतलेले होते, आणि ते त्या काळी न्यायाधीशांवर बंधनकारक असत. ‘कौटुंबिक जबाबदारी ही सामान्यतः विचारात घेण्याची बाब नाही’ असे त्या नियमांत वर्षानुवर्षे स्पष्ट म्हटलेले होते.

किमान शिक्षेच्या खाली उतरण्याचा एक मार्ग कायद्यात होता आणि आजही आहे: आरोपीने इतरांविरुद्ध उपयोगी माहिती द्यावी आणि सरकारी वकिलाने स्वतः तसा अर्ज करावा. वरकरणी हे योग्यच वाटते. परंतु माहिती असते ती टोळीत वर बसलेल्याकडे. जिला फक्त एक पिशवी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला सांगितले, तिच्याकडे सांगण्यासारखे काय असणार? परिणामी म्होरक्या सौदा करून सुटू शकतो आणि पिशवीवाली पूर्ण मुदत भोगते. स्मिथ यांच्या बाबतीत तर हॉल पोलिसांच्या हाती लागण्यापूर्वीच सिअ‍ॅटलमध्ये मारला गेला होता, म्हणजे देण्याजोग्या माहितीची किंमतच संपली होती. पहिल्यांदाच सापडलेल्या, हिंसेत भाग नसलेल्या आरोपींसाठी 1994 साली आणखी एक पळवाट कायद्याने ठेवली. तिने अनेकांना दिलासा दिला, हे नमूद केले पाहिजे, पण तिच्या अटी काटेकोर आहेत.

शिक्षा झाल्यावर मुलाचे काय होते, हे पाहिल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. नोव्हेंबर 1987 नंतरच्या केंद्रीय गुन्ह्यांना पॅरोल, म्हणजे मुदतीपूर्वी सशर्त सुटका, नाही. चांगल्या वर्तनाबद्दल वर्षाला फार तर 54 दिवस सूट मिळते. कैदेत बाळंत झालेल्या स्त्रीचे बाळ बहुतेक ठिकाणी एकदोन दिवसांतच तिच्यापासून वेगळे केले जाते. न्यूयॉर्कच्या बेडफर्ड हिल्ससारखे, आईजवळ तान्ह्या बाळाला ठेवू देणारे तुरुंग मोजकेच आहेत. त्यातच 1997 चा कायदा असा की, मूल गेल्या 22 महिन्यांपैकी 15 महिने सरकारने नेमलेल्या पालक-कुटुंबात राहिले, तर राज्याने आईबापांचे पालकत्वाचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करावी. मूल नातेवाइकांकडे असेल तर राज्याला तसे न करण्याची मुभा आहे. म्हणजे पाच वर्षांची शिक्षा झालेली आई कायद्याने आई राहणार की नाही, हे बऱ्याच वेळा तिची आई हयात आहे का, धडधाकट आहे का आणि नातवंडे सांभाळायला तयार आहे का, यावर ठरते. न्यूयॉर्क राज्यात 1973 च्या कडक अमली पदार्थविरोधी कायद्याखाली चार औंस कोकेनच्या प्रकरणात किमान वीस वर्षांची शिक्षा झालेल्या इलेन बार्टलेट चार मुलांची आई होत्या. त्यांचा तो पहिलाच गुन्हा होता. त्या सोळा वर्षांनी, 2000 साली बाहेर आल्या. तोवर मुले बार्टलेट यांच्या आईने सांभाळली.

या कायद्याच्या बाजूने एक युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो: लेकुरवाळ्या स्त्रियांना सूट आहे असे दिसले, तर टोळ्या माल न्यायला लेकुरवाळ्या स्त्रियाच निवडतील. तो सरसकट सूट देण्याविरुद्ध लागू पडतो. न्यायाधीशाने समोरच्या स्त्रीची भूमिका आणि परिस्थिती पाहून सात वर्षे द्यावी की दोन, हे ठरवण्याविरुद्ध तो लागू पडत नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. भारताचा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा अमेरिकेच्या त्या कायद्याहून एक वर्ष जुना, 1985 चा आहे, आणि व्यापारी प्रमाणातल्या मालासाठी त्यातही किमान दहा वर्षांची सक्ती आहे. हेरॉइनच्या बाबतीत ते प्रमाण 250 ग्रॅमच्या वर सुरू होते. त्या प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम 37 मुळे जामीनही सहजी मिळत नाही. एक फरक मात्र मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निर्देशांनुसार आपल्याकडे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. केंबा स्मिथ यांची शिक्षा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 22 डिसेंबर 2000 रोजी कमी केली आणि त्या घरी परतल्या, तेव्हा आजी-आजोबांकडे वाढलेला त्यांचा मुलगा नुकताच सहा वर्षांचा झाला होता. आपल्या तुरुंगातून त्याच वयाचे मूल बाहेर पाठवले जाते, आणि आईची दहा वर्षे तोवर संपलेली नसतात.